दोन बाइट, सहा लाख हाका

संगणकाच्या स्मृतीत ७५ आणि ०४ असे दोन आकडे शेजारी शेजारी होते. कुणीतरी ते खोडून तिथे ९० आणि ९० लिहिले. बदल एवढाच. पहिल्या जोडीचा अर्थ होता, ‘तपासणीत खोट निघाली तर इथून बाहेर पड’. दुसऱ्या जोडीचा अर्थ, ‘काही करू नकोस, पुढे चल’. हा संगणक ढाक्याला बांगलादेश बँकेत, म्हणजे त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेत होता. देशोदेशीच्या बँकांना पैसे पाठवण्याचे आदेश देणारी स्विफ्टची यंत्रणा त्यावर चालत होती. बदललेले आकडे दोन बाइटचे. आपला साधा ‘क’ साठवायलाही प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट लागतात. म्हणजे एका अक्षराहून कमी मजकूर बदलला आणि पाळतीवर बसवलेली तपासणी मुकी झाली. त्यानंतर घुसखोरांच्या प्रोग्रॅमला नोंदी पुसता आल्या, शिलकीचे आकडे बदलता आले आणि प्रिंटरवर निघणाऱ्या पावत्यांतही ढवळाढवळ करता आली. बीएई सिस्टिम्सच्या संशोधकांनी एप्रिल २०१६ मध्ये हे उलगडून दाखवले.

या दोन बाइटच्या आडोशाने ४ फेब्रुवारी २०१६ च्या रात्री न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेकडे ३५ आदेश गेले. एकूण रक्कम ९५ कोटी १० लाख डॉलर. भागाकार केला तर बाइटमागे साडेसत्तेचाळीस कोटी डॉलर पडतात. ३५ पैकी ३० आदेश अडले, कारण मनिलातल्या ज्या बँकशाखेत पैसे जायचे होते तिच्या पत्त्यात ‘ज्युपिटर’ हा शब्द होता आणि त्याच नावाचे एक जहाज निर्बंधांच्या यादीत होते. निव्वळ योगायोग. पाच आदेश पार पडले. त्यांतला दोन कोटी डॉलरचा आदेश श्रीलंकेतल्या एका संस्थेच्या नावे होता. त्यात ‘फाउंडेशन’चे स्पेलिंग चुकल्याने तोही थांबला. उरलेले ८ कोटी १० लाख डॉलर मनिलातून जुगाराच्या अड्ड्यांवर गेले आणि त्यांतले बरेचसे अजून परत आलेले नाहीत. रक्षणासाठी काय होते? बांगलादेश पोलिसांच्या तपास अधिकाऱ्याने रॉयटर्सला सांगितले की बँकेत फायरवॉल नव्हती आणि जाळे जोडायला दहा डॉलरचे जुने, सेकंडहँड स्विच वापरले होते.

असले आकडे ऐकले की माणूस ‘बाप रे’ म्हणतो आणि कामाला लागतो. दूरवर बसून दुसऱ्याचा संगणक चालवू देणाऱ्या मालवेअरबद्दल, म्हणजे ज्याला जाणकार रॅट किंवा बॅकडोअर म्हणतात त्याबद्दल, डोळे फिरवणाऱ्या आकड्यांना तोटा नाही. पण धंदा सांभाळणाऱ्या माणसाला हे सगळे आकडे सारखे नसतात. काही निव्वळ घाबरवतात. काही मात्र कामाला येतात, आणि ते बहुधा मथळ्यात नसतात.

घाबरवणाऱ्यांतला सगळ्यात लाडका आकडा म्हणजे साडेचार लाख. जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही संस्था सांगते की रोज साडेचार लाखांहून अधिक नवे घातक प्रोग्रॅम तिच्या नोंदीत येतात. सेकंदाला पाच. हा परिच्छेद वाचून होईपर्यंत शंभरएक तरी झाले असतील. अँटीव्हायरस विकणारे हा आकडा पहिल्याच स्लाइडवर का लावतात हे उघड आहे. माझ्या मते तो विसरून जावा. कारण ‘नवे’ म्हणजे बहुतांशी जुन्याच प्रोग्रॅमला नवे वेष्टन. वेष्टन बदलायचे काम यंत्रच करते, माणूस हातही लावत नाही. साडेचार लाख वेष्टनांच्या आत वागण्याच्या तऱ्हा मोजक्याच असतात: आत शिरणे, टिकून राहणे, बाहेरच्या मालकाला हाक मारणे, सांगेल ते करणे. या चार गोष्टी नव्या नाहीत.

लक्षात ठेवायचा आकडा ४५ मिनिटांचा आहे. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचे साधन प्रसिद्ध केले. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते एकूण ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. त्यांतले जगाला दिसू शकणारे सगळेच्या सगळे पत्ते, एका साध्या संगणकावरून आणि एका गिगाबिट जोडणीवरून, ४५ मिनिटांच्या आत ठोठावून येता येतात हे त्यांनी दाखवले. सेकंदाला सुमारे १४ लाख ठोके. पुढच्याच वर्षी दहा गिगाबिटची जोडणी वापरून हेच काम त्यांनी पाच मिनिटांच्या आत आणले.

इचलकरंजीच्या सूतगिरणीचे मालक असोत की चाकणचे सुटे भाग बनवणारे, बोलताना एक वाक्य हमखास येते: ‘आमच्यासारख्या छोट्या माणसाला कोण शोधत बसलंय?’ बरोबरच आहे, कुणी शोधत बसलेले नाही. शोधायची गरजच उरली नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या जगाच्या दारांवर थाप मारून होते. कोणते उघडले ते आधी बघायचे, ते कुणाचे आहे हे नंतर.

विंडोजमध्ये घरून ऑफिसचा संगणक चालवायची जी सोय असते, रिमोट डेस्कटॉप, तिचा ठरलेला पोर्ट, म्हणजे दाराचा क्रमांक, ३३८९. करोनाकाळात कित्येकांनी तो घाईघाईने इंटरनेटवर मोकळा सोडला, कारण अकाउंटंटला घरून काम करायचे होते. मग कुणीतरी हुशारी केली: ‘नंबर बदलून टाकू, सापडणार नाही.’ एका पत्त्यावर पोर्ट असतात ६५,५३५. सेकंदाला १४ लाख ठोक्यांच्या हिशेबाने ते सगळे तपासायला सेकंदाचा विसावा भागसुद्धा लागत नाही. लपवण्याचा फायदा एवढाच.

पासवर्डचेही तसेच. आठ छोट्या इंग्रजी अक्षरांच्या जुळण्या होतात २०,८८२ कोटींच्या वर. ऐकून धीर येतो. पण घुसखोर त्या सगळ्या करून पाहत बसत नाही. २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीतून ३ कोटी २० लाख पासवर्ड फुटले. त्यांचा अभ्यास झाला तेव्हा दिसले की त्यांतल्या २ लाख ९० हजारांहून अधिक लोकांचा पासवर्ड एकच होता: १२३४५६. म्हणजे दर ११० माणसांत एक. ११० दारांवर एकच किल्ली लावून पाहिली तरी एखादे उघडायचे, आणि दारे तर ४५ मिनिटांत सगळी हिंडून होतात. हे दोन आकडे शेजारी ठेवले की ‘मला कोण लक्ष्य करणार’ हा प्रश्न उरत नाही. त्यावरचा उताराही तितकाच साधा आहे: बाहेरून आत येणाऱ्या प्रत्येकाला पासवर्डखेरीज मोबाइलवरचा दुसरा पुरावा द्यायला लावणे. खाती बळकावण्याचे ९९.९ टक्के प्रयत्न यामुळे अडतात असे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये म्हटले होते. कंपनीचाच दावा आहे, जरा सावधपणेच घ्या. तरी एवढ्या कमी खर्चात एवढा फरक पाडणारी दुसरी गोष्ट या क्षेत्रात मला ठाऊक नाही.

आता या लेखातला माझा सगळ्यात आवडता आकडा: ४१६.

मँडियंट ही कंपनी, जी आता गुगलची आहे, घुसखोरी झालेल्या संस्थांत जाऊन तपास करते आणि दरवर्षी अहवाल काढते. घुसखोर आत शिरल्यापासून त्याचा पत्ता लागेपर्यंत किती दिवस गेले, याचा मध्यक ती काढते. २०११ साली तो ४१६ दिवस होता. अर्ध्या प्रकरणांत तर त्याहून अधिक. घरफोडी करून पळणारा चोर वेगळा, आणि माळ्यावर वर्षभर मुक्काम ठोकून घरच्यांच्या सवयी लिहून घेणारा वेगळा. रॅट हा दुसऱ्या जातीचा. ढाक्यात तेच झाले. नोकरी मागणाऱ्या एका तरुणाच्या नावाने २०१५ च्या सुरुवातीला बँकेतल्या कर्मचाऱ्यांना ईमेल गेले, बायोडाटा उघडा म्हणून. मनिलातली खाती त्याच वर्षी मे महिन्यात पाचशे-पाचशे डॉलर भरून उघडली आणि नऊ महिने तशीच पडून राहिली. मग गुरुवारची रात्र निवडली. शुक्रवार-शनिवार ढाक्यात सुट्टी, शनिवार-रविवार न्यूयॉर्कमध्ये, आणि सोमवारी मनिलात चिनी नववर्षाची. तीन देशांच्या सुट्ट्यांची अशी माळ लावणाऱ्याला घाई नव्हती, हे सांगायला नको.

तो ४१६ चा आकडा पुढे उतरत गेला. २०१५ साली १४६, २०२० साली २४, २०२३ साली १०, २०२४ साली ११. हे वाचून पाठ थोपटून घ्यायचा मोह होतो. पण उतरणीचे सगळे श्रेय पाहणाऱ्यांच्या डोळ्यांना देता येत नाही. मधल्या काळात खंडणीखोरांचा धंदा वाढला. सगळ्या फायली कुलूपबंद करून पडद्यावर ‘पैसे द्या’ अशी पाटी लावणारा पाहुणा आपण होऊनच सापडतो.

पण ४१६ मला आवडतो तो वेगळ्या कारणासाठी. दूरस्थ ताबा देणाऱ्या मालवेअरला एक सक्ती असते: त्याला मालकाशी बोलावेच लागते. आत बसून नुसते गप्प राहिले तर त्याचा उपयोग शून्य. म्हणून ते ठरावीक वेळाने बाहेरच्या सर्व्हरला विचारते, ‘काही काम आहे का?’ कोबाल्ट स्ट्राइक नावाचे एक साधन आहे. सुरक्षा तपासणाऱ्यांसाठी बनवलेले, पण चोरीच्या प्रतींमुळे गुन्हेगारांचेही लाडके. त्यात ही हाक मारायचे अंतर, कुणी बदलले नाही तर, ६० सेकंदांचे असते. मिनिटाला एक, दिवसाला १,४४०. आता गुणाकार करा: ४१६ दिवसांत ५ लाख ९९ हजार ४०.

सहा लाख हाका. आतून बाहेर, एकाच संगणकावरून, एकाच ठिकाणी, रात्री अडीच वाजतासुद्धा, दिवाळीच्या पाडव्यालासुद्धा. आणि एकही कुणी ऐकत नाही.

मुरलेले घुसखोर हे अंतर वाढवतात, वेळ मागेपुढे करतात, हाका रोजच्या वेब रहदारीत मिसळतात, हे खरे. दिवसाला एकच हाक मारणारेही असतात. पण हाक मारणे टाळता येत नाही. धंद्याच्या रक्षणाचा विचार आपल्याकडे बहुतेक वेळा आत येणाऱ्यांवर नजर ठेवण्यापुरता होतो. फायरवॉल घेतात आणि तिची सगळी शक्ती बाहेरून येणाऱ्यांना अडवायला लावतात. आतून बाहेर जाणाऱ्यांना मोकळे रान. वास्तविक हिशेबाच्या संगणकाला किती ठिकाणी जायचे असते? बँक, जीएसटीचे पोर्टल, आयकर, ईमेल, सॉफ्टवेअरचे अपडेट. दहा-पंधरा पत्ते. तेवढे सोडून बाकी बंद केले, तर सहा लाख हाकांतली पहिलीच भिंतीवर आपटते. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. लागतो तो एक दुपारभराचा वेळ, आणि यादी करताना ‘हा संगणक कुणाकुणाशी बोलतो’ हे पहिल्यांदाच कळल्यावर बसणारा धक्का सोसायची तयारी.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे प्रकरण आकड्यांच्या दृष्टीने ढाक्याहून लहान, पण मला ते अधिक चक्रावून टाकणारे वाटते. १९०६ साली स्थापन झालेली ही सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. एटीएममध्ये कार्ड घातले की यंत्र बँकेच्या स्विचला विचारते, स्विच मुख्य संगणकाला विचारतो, ‘या खात्यात पैसे आहेत का?’ आणि उत्तर परत येते. घुसखोरांनी मालवेअरच्या आधाराने मधेच एक नकली स्विच उभा केला. एटीएमचे प्रश्न त्याच्याकडे वळू लागले. मुख्य संगणकाला विचारायची तसदी न घेता तो प्रत्येकाला एकच उत्तर देत राहिला: आहेत, द्या. त्यामुळे ठेवीदारांच्या खात्यांतून एक रुपयाही वजा झाला नाही. गेले ते बँकेचे.

त्या दिवशी काही तासांत व्हिसाच्या नकली कार्डांनी परदेशात सुमारे १२,००० व्यवहार झाले, २८ देशांत, ७८ कोटी रुपयांचे. भारतात रुपे कार्डांनी सुमारे २,८००, अडीच कोटींचे. सरासरी काढून पाहा. परदेशात एका वेळी ६५ हजार रुपये, भारतात नऊ हजारांच्या आसपास, कारण आपल्याकडे एटीएममधून एका वेळी साधारण तेवढेच निघतात. या सरासरीतून एक गोष्ट दिसते जी एकूण बेरजेतून दिसत नाही: हा गुन्हा संगणकाच्या पडद्यावर संपत नव्हता. १४ हजारांहून अधिक वेळा कुणीतरी माणूस एटीएमसमोर उभा राहिला, कार्ड सारले, नोटा मोजल्या. भारतातले काही पैसे कोल्हापुरातल्या एटीएमवर निघाले. २८ देशांत अशी माणसे गोळा करायची, त्यांच्या हाती नकली कार्डे पोचवायची, एकाच शनिवारी त्यांना उभे करायचे; ही जुळवाजुळव दोन दिवसांत होत नाही. ती चालू असताना आतला मालवेअर आपल्या जागी बसून होता. अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना ‘एटीएम रिकामी करण्याचा जागतिक कट शिजतो आहे’ असा गोपनीय इशारा दिला तो १० ऑगस्टला. आदल्या दिवशी.

आणि गोष्ट शनिवारी संपली नाही. १३ ऑगस्टला, सोमवारी, त्याच बँकेच्या स्विफ्ट यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एका कंपनीच्या खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. दूरस्थ ताब्याचा खरा अर्थ या दोन दिवसांच्या अंतरात आहे. एक वाट बंद केली तरी आत बसलेला दुसरी वाट चालू लागतो, कारण त्याच्या हातात एक खिडकी नसते, सगळे घर असते. नेमकेपणा इतका, की एटीएमचा गोंधळ निस्तरण्यात सगळे गुंतलेले असताना त्याने दुसरा हात मारला. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. पुण्यातल्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना शिक्षा सुनावली. ते एटीएमच्या पुढे उभे राहणाऱ्या बाजूचे होते. कळफलकामागचे कुणी पिंजऱ्यात आले नाही.

घुसखोरांनाही आकड्यांचे गणित कळते, कधी कधी आपल्याहून चांगले. सोलरविंड्स या अमेरिकी कंपनीच्या जाळे-देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२० साली बॅकडोअर घुसवला गेला. रीतसर अपडेटमधूनच. तो अपडेट सुमारे १८,००० ग्राहकांनी उतरवून घेतला. प्रत्यक्षात हात घातला किती ठिकाणी? अमेरिकी सरकारने दिलेला आकडा: नऊ सरकारी विभाग आणि सुमारे शंभर कंपन्या. १८ हजार घरांच्या किल्ल्या खिशात असताना शंभरच उघडली, कारण जितकी अधिक उघडू तितका आवाज होतो. तो बॅकडोअर शिरल्यावर दोन आठवड्यांपर्यंत झोपून राहायचा, एकही हाक न मारता. तपासणारे एवढा वेळ थांबत नाहीत हे त्याला माहीत होते.

मग पकडला कसा? फायरआय या सुरक्षा कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या नावावर दुसरा फोन नोंदवला गेला. दुसऱ्या पुराव्यासाठी वापरतात तो. तिथल्या कुणीतरी त्याला विचारले, हा फोन तुझा का? तो म्हणाला, नाही. १८ हजार संस्था, शंभर बळी, महिनोन् महिने, आणि उलगडा एका प्रश्नातून. मला यात दिलासा वाटतो. एवढा पैसा आणि एवढा धीर असलेल्या घुसखोराला अडवायला लागला तो प्रश्न आपल्या वीस माणसांच्या कार्यालयातही विचारता येतो.

दुसऱ्याच्या अपडेटमधून येणाऱ्या संकटाचा फटका आपल्या दारापर्यंतही आला आहे. युक्रेनमध्ये कंपन्या कराचे हिशेब भरायला एम.ई.डॉक नावाचे सॉफ्टवेअर वापरत. आपल्याकडे टॅली जसे घरोघर तसे. २०१७ च्या एप्रिल, मे आणि जूनमधल्या तीन अपडेटमध्ये बॅकडोअर होता, असे ईसेट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना आढळले. पहिला १४ एप्रिलचा. तो प्रत्येक कंपनीचा सरकारी नोंदणी क्रमांकही गोळा करायचा, म्हणजे कोणत्या संगणकामागे कोणती कंपनी हे आत बसलेल्याला ठाऊक. ७४ दिवसांनी, २७ जूनला, त्याच वाटेने नॉटपेट्या हा सगळे पुसून टाकणारा मालवेअर सोडला गेला. जहाजवाहतुकीतल्या मर्स्कच्या ओडेसा कार्यालयात एका संगणकावर एम.ई.डॉक होते. एका. पुढच्या दहा दिवसांत मर्स्कला ४,००० सर्व्हर, ४५,००० संगणक आणि २,५०० ॲप्लिकेशन्स नव्याने उभी करावी लागली, हे तिच्या अध्यक्षांनीच दावोसमध्ये सांगितले. मिनिटाला तीन संगणक, दिवसरात्र, दहा दिवस. न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरातले एक टर्मिनल याच समूहाचे; तिथले कामही अडले आणि कंटेनरचे ट्रक ताटकळले. कंपनीचे नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर.

मर्स्कच्या गोष्टीतला माझ्या लेखी मोठा आकडा ४५,००० नाही, एक आहे. कोणता कर्मचारी कोण आणि त्याला काय परवानगी, हे सांगणारे दीडशेएक सर्व्हर कंपनीकडे जगभर होते. त्यांची माहिती एकमेकांत सतत जुळत राहायची. त्यामुळे वेगळ्या बॅकअपची गरज कुणाला वाटली नव्हती. सगळे एकाच वेळी पुसले गेले. फक्त घानामधला एक वाचला, कारण त्या वेळी तिथे वीज गेली होती. तो डेटा इंग्लंडला न्यायचा तर घानातल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता, म्हणून एकाने नायजेरियाला विमानाने जाऊन तिथल्या सहकाऱ्याच्या हाती हार्ड डिस्क दिली. जगातल्या सगळ्यात मोठ्या जहाज कंपन्यांतली एक लोडशेडिंगमुळे तरली. मुख्य जाळ्यापासून तोडून ठेवलेली एक प्रत हवी, हे सांगायला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. ती प्रत अधूनमधून उघडून चालते की नाही हेही पाहायला हवे. तेवढे कुणी करत नाही.

भारतात ३१ जुलै २०२४ रोजी असाच गुणाकार दिसला. सी-एज टेक्नॉलॉजीज ही कंपनी लहान बँकांना संगणकसेवा पुरवते. तिच्यावर खंडणीखोरांचा हल्ला झाल्यावर देशातली देयक यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला त्या यंत्रणेपासून तोडले, आणि सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांचे एटीएम आणि यूपीआय व्यवहार थांबले. घाव एकावर, लंगडले तीनशे.

आपल्या लहान धंद्यांत हा गुणाकार करणारा माणूस ओळखीचाच असतो. टॅलीत अडचण आली की फोन जातो, पलीकडून आवाज येतो, ‘साहेब, एनीडेस्क चालू करून नंबर सांगता का?’ नऊ-दहा आकडे सांगितले की बसल्या जागी काम होते. त्या माणसात खोट नसते. खोट असते ती काम झाल्यावर ते साधन तसेच चालू सोडण्यात, आणि त्याच्याकडे शंभर गिऱ्हाइकांचे पासवर्ड एका एक्सेल फाइलमध्ये असण्यात. त्याचा एक लॅपटॉप गेला की शंभर दुकाने गेली. रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कच्या गैरवापराबद्दल फेब्रुवारी २०१९ मध्येच इशारा दिला होता. अमेरिकेच्या सिसा या संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले की घुसखोर स्वतःचा मालवेअर आणण्याऐवजी अशी रीतसर साधनेच बसवू लागले आहेत. त्यांना परवाना असतो, त्यामुळे अँटीव्हायरस हूं की चूं करत नाही. रोजच्या साडेचार लाख नव्या प्रोग्रॅमांच्या यादीत हे कुठेच येत नाही, म्हणून तो आकडा मी विसरा म्हणालो. कार्यालयातल्या प्रत्येक संगणकावर दूरस्थ ताब्याची किती साधने बसली आहेत ते एकदा मोजावे. एकाहून अधिक निघाली तर दुसरे कुणी बसवले हे विचारावे. काम झाले की काढावे, पुन्हा लागले की पुन्हा बसवावे. पाच मिनिटांचा कंटाळा आहे.

बँकेचे व्यवहार करायला वेगळा संगणक ठेवावा, त्यावर ईमेल उघडू नये, आणि ठरावीक रकमेवरच्या पैशांना दुसऱ्या माणसाची, दुसऱ्या संगणकावरून संमती लागावी. ढाका आणि पुणे या दोन्ही ठिकाणी पैसे आठवड्याच्या शेवटी जाऊ लागले, तेव्हा सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी रोजच्याहून अधिक लक्ष हवे, कमी नव्हे.

सरकारी नियमातही दोन आकडे आहेत. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना ध्यानात आल्यापासून सहा तासांत कळवायची आणि यंत्रणांच्या नोंदी, म्हणजे लॉग, १८० दिवस जपायच्या. सहा तासांवरून उद्योगांनी बरीच कुरकुर केली. लघुउद्योगांना मुदतवाढही मिळाली. १८० दिवसांबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नाही, आणि मला तोच आकडा महत्त्वाचा वाटतो. मिनिटाला एक या दराने १८० दिवसांत एका संगणकावरून हाका जातात २ लाख ५९ हजार २००. प्रत्येक हाकेची नोंद दोनशे बाइटची धरली तरी सगळ्या मिळून पाच कोटी बाइटच्या थोड्या वर, म्हणजे मोबाइलवरच्या लग्नाच्या एका छोट्या व्हिडिओएवढ्या. त्या जपायला जागा कमी पडत नाही. महिन्यातून एकदा त्या फाइलमध्ये कोणता पत्ता सगळ्यात जास्त वेळा आला आहे ते वरून खाली लावून पाहायला आपल्या अकाउंटंटला येणारे एक्सेल पुरते.